कण एकमेकांवर आपटतच नाहीत, मग सौरवाऱ्यात शॉक वेव्ह तयार कशी होते?

नीलकाजवा

मे २०२४ मधल्या त्या मोठ्या सौरवादळापासून मला सौरवाऱ्याचे, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर वाहणाऱ्या विद्युतभारित कणांचे आलेख बघायची सवय लागलीय. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने साधारण १५ लाख किमीवर एल१ बिंदूपाशी जी यानं आहेत त्यांची मापं त्यात येतात. वेग, घनता, तापमान, चुंबकीय क्षेत्र. एरवी या रेषा आपल्या संथ वर-खाली होत असतात, पण एखाद्या दिवशी चारही रेषा एकाच क्षणी सरळ वर उडी मारतात, वेग सेकंदाला ३८० किमीचा ४७०, घनता घनसेंटीमीटरला ४ कणांची १०, चुंबकीय क्षेत्र दुपटीच्या वर, असं काहीतरी. ही सौरवाऱ्यातून जाणारी शॉक वेव्ह, हे वाचून माहीत आहे.

आता अडचण अशी की हवेत शॉक वेव्ह होते ती रेणू एकमेकांवर आपटतात म्हणून. मागच्याने पुढच्याला ढकललं, त्याने त्याच्या पुढच्याला, असं करत धक्का पुढे जातो आणि शॉकची जाडी रेणूंच्या दोन टकरींमधल्या अंतराच्या काही पट, म्हणजे अगदी नगण्य असते. सौरवाऱ्यात पृथ्वीपाशी एका घनसेंटीमीटरमध्ये पाचेक प्रोटॉन असतात. तिथे एका प्रोटॉनला दुसऱ्याशी नीट टक्कर व्हायला सरासरी किती अंतर जावं लागतं तर जवळजवळ सूर्य-पृथ्वी अंतराएवढं, १५ कोटी किमी! म्हणजे या हिशोबाने शॉकची जाडीही कित्येक कोटी किमी निघायला हवी, आणि ती पृथ्वीवरून सरकायला कित्येक दिवस लागायला हवेत. आलेखात मात्र उडी एका मापात संपलेली असते.

कोणी समजावून सांगेल का? गणित थोडंफार चालेल, पण आधी नक्की घडतं काय ते हवंय.

तिठ्यावरचा

घनसेंटीमीटरमध्ये पाच प्रोटॉन? मग त्यांना एकमेकांची नावंसुद्धा पाठ असतील.

प्रश्न भारी आहे, वाचतोय.

सातवीण

+१, खूण करून ठेवलाय धागा.

मंदाकिनी_र

नीलकाजवा, हा प्रश्न १९५० च्या दशकात भल्याभल्यांना पडला होता. थोडा इतिहास सांगते, त्यातच अर्धं उत्तर आहे.

पृथ्वीवरचे चुंबकमापक तेव्हाही होते, आणि मोठ्या चुंबकीय वादळाच्या सुरुवातीला क्षेत्र अचानक, दोन-चार मिनिटांत वाढतं हे सगळ्यांना माहीत होतं. खगोलशास्त्रज्ञ थॉमस गोल्ड यांनी १९५५ मध्ये मुद्दा मांडला की सूर्यावरून निघालेला वायू इतक्या लांबून पसरत येत असेल तर त्याची पुढची कड पुसट व्हायला पाहिजे, पण आपल्याकडे धक्का एवढा धारदार पोचतोय त्याअर्थी मधल्या अवकाशात शॉक असलाच पाहिजे. तेव्हा सौरवारा सतत वाहतो हे सुद्धा ठरलेलं नव्हतं, यूजीन पार्कर यांचा तो सिद्धांत १९५८ चा. त्यामुळे टकरींशिवाय शॉक ही कल्पना बऱ्याच जणांना पटत नव्हती, आणि आक्षेप अगदी तुम्ही घेतलाय तोच होता.

मग मरीनर २ शुक्राकडे जायला निघालं आणि ७ ऑक्टोबर १९६२ ला त्याच्यावरून एक शॉक गेला. यानाने वेग, घनता, चुंबकीय क्षेत्र एकदम वाढलेलं नोंदवलं, त्यानंतर काही तासांनी पृथ्वीवरच्या चुंबकमापकांनी तोच झटका टिपला. आधी अवकाशात, मग जमिनीवर, एकच गोष्ट दोनदा सापडली. मला विज्ञानाच्या इतिहासातले असे क्षण फार आवडतात. एका माणसाने जमिनीवरच्या रेघेवरून कोट्यवधी किमी दूरच्या गोष्टीचा आकार सांगितला आणि सात वर्षांत यानाने जाऊन तो दाखवला.

आता टकरींच्या जागी काय? चुंबकीय क्षेत्र. सौरवारा म्हणजे प्लाझ्मा, सुटे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन, आणि त्यांच्याबरोबर सूर्याचं चुंबकीय क्षेत्र ओढलं जातं. पृथ्वीपाशी ते जेमतेम ५ नॅनोटेस्ला असतं, म्हणजे आपल्या पायाखालच्या क्षेत्राच्या जवळजवळ दहा हजारावा भाग, तरी तेवढं पुरतं. प्रत्येक प्रोटॉन त्या क्षेत्राभोवती गिरक्या घेत असतो आणि गिरकीची त्रिज्या असते शंभरेक किमी. म्हणजे तो पुढच्या प्रोटॉनला कधीच न भेटता क्षेत्राला बांधलेला आहे. एका लांब दोरीला धरून माणसं चालली असतील तर कोणी कोणाला न शिवता मागचा हिसका पुढच्याला कळतोच ना, तसं. तुम्ही १५ कोटी किमी ही लांबी धरताय, तिच्या जागी ही शंभर किमी ठेवा. शॉकची जाडी त्याच मापाची निघते.

नीलकाजवा

मंदाकिनीताई, हे फारच नेमकं सांगितलंत. पण मग सेकंदाला ५०० किमीने जाणारा शंभर किमी जाडीचा शॉक म्हणजे यानावरून सेकंदाच्या पाचव्या भागात निघून जाणार?

मंदाकिनी_र

हो! म्हणून तर आलेखात ती उडी उभी दिसते. एल१ पाशी असलेल्या एस (ACE) यानावरच्या प्लाझ्मा उपकरणाला एक माप घ्यायलाच ६४ सेकंद लागतात. तेवढ्यात शॉक ३२ हजार किमी पुढे गेलेला असतो. आलेखात दिसतं ते आधीचं आणि नंतरचं, मधलं काहीच नाही.

खटपट्या

छान चर्चा. एक भर घालतो. सूर्यावरून सुटलेला प्लाझ्माचा ढग नुसता जोरात येऊन भागत नाही, तो पुढच्या वाऱ्याच्या तुलनेत किती वेगाने येतो हे महत्त्वाचं. वारा आधीच ४०० ने पळतोय आणि मागून ७०० वाला आला तर फरक ३००. त्या प्लाझ्मात दाबाची लाट जास्तीत जास्त किती वेगाने जाऊ शकते तर पृथ्वीपाशी साधारण ६०-७० किमी प्रति सेकंद. फरक त्याहून जास्त म्हणजे पुढच्या वाऱ्याला मागून काय येतंय याची खबर वेळेत मिळतच नाही, तो बाजूला व्हायच्या आत दाबला जातो. ४५० वाला ढग आला तर मात्र नुसतीच मऊ लाट, शॉक नाही. बातम्यांत सगळ्यालाच सौरवादळ म्हणतात, त्यामुळे हा फरक हरवतो.

अर्थात शॉकचं मूळ सौरज्वालेत असतं हे आलंच. ज्वाला म्हणजे स्फोट, स्फोटाची लाट बाहेर पडणार.

रेडिओवाला

खटपट्या, शेवटच्या ओळीशी असहमत. बराच काळ सगळे तसंच मानायचे, कारण १८५९ मध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ कॅरिंग्टन यांनी ज्वाला पाहिली आणि १७-१८ तासांनी वादळ आलं, मग दोन्हींचा संबंध जोडला गेला. सीएमई, म्हणजे सूर्याच्या प्रभामंडलातून सुटणारा प्लाझ्माचा प्रचंड ढग, हा प्रकार कोणाला दिसलाच नव्हता, पहिलं चित्र ओएसओ-७ उपग्रहाचं, डिसेंबर १९७१. पुढे लक्षात आलं की पृथ्वीपर्यंत पोचणारे मोठे शॉक या ढगांच्या पुढे असतात, ढग मागून सतत रेटत असतो म्हणून शॉक इतक्या लांब टिकतो. मोठी ज्वाला होऊनही ढग सुटला नाही तर आपल्याकडे शॉक येत नाही. आणि ज्वाला अगदी किरकोळ असताना मोठा ढग सुटल्याचीही उदाहरणं आहेत.

माझा या विषयाशी संबंध रेडिओमुळे. मी हौशी रेडिओवाला, आणि घराच्या गच्चीवर एक साधा अँटेना लावून सूर्याचा रेडिओ-आवाज नोंदवतो, कॅलिस्टो नावाचा स्वस्तातला रिसीव्हर असतो त्याच्यावर. शॉक सूर्याजवळ असताना स्वतःच रेडिओवर बोलतो, त्याला टाईप २ म्हणतात. स्क्रीनवर डावीकडून उजवीकडे वेळ आणि वर-खाली वारंवारिता असते. नेहमीचा खडखडाट चाललेला असतो, त्यात एक जाडसर पट्टा उमटतो, दीडशे मेगाहर्ट्झपाशी सुरू होतो आणि दहाएक मिनिटांत हळूहळू तीसच्या आसपास उतरतो, बऱ्याचदा त्याच्या बरोबर दुप्पट वारंवारितेवर दुसरा पट्टा, पहिल्याला समांतर. पट्टा उतरतो कारण शॉक बाहेर जाताना प्लाझ्मा विरळ होत जातो आणि प्लाझ्मा ज्या वारंवारितेला थरथरतो ती घनतेच्या वर्गमुळावर ठरते. म्हणजे पट्टा किती झपाट्याने उतरतो त्यावरून शॉकचा वेग काढता येतो, घरबसल्या! पहिल्यांदा ते गणित जुळलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना उठवून दाखवलं होतं.

पृथ्वीपाशी शॉक येईपर्यंत ती वारंवारिता २० किलोहर्ट्झवर उतरते, आणि ते आपलं आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) जमिनीपर्यंत येऊ देत नाही. मधला सगळा प्रवास ऐकायला यानच हवं, १९९४ चं विंड हे काम अजून करतंय.

खटपट्या

पृथ्वीपर्यंत येणाऱ्या शॉकपुरतं मान्य. पण सूर्याच्या अगदी जवळ, तुमच्या त्या दीडशे मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, सगळेच टाईप २ ढगामुळे असतात हे मला पटत नाही. ज्वालेच्या दाबाच्या लाटेने काही होत असतील या बाजूनेही लिहिणारे अभ्यासक आहेत.

रेडिओवाला

त्या भागाबद्दल वाद आहे खरा, आणि अजून पुरता मिटलेला नाही. तेवढ्यावर आपलं जमलं.

वळवाचा_पाऊस

अवांतर होईल पण राहवत नाही. सगळ्यात वेगवान शॉकची नोंद ऑगस्ट १९७२ ची आहे, ४ तारखेला सूर्यावरून निघून १४.६ तासांत पृथ्वीवर. आधीच्या दोन दिवसांत गेलेल्या ढगांनी वाट मोकळी करून ठेवली होती म्हणून इतका वेग टिकला असं मानतात. त्याच दिवशी उत्तर व्हिएतनामच्या किनाऱ्यापाशी अमेरिकेने पेरलेले समुद्री सुरुंग एकामागोमाग आपोआप फुटले. ते चुंबकीय सुरुंग होते, जहाज वरून गेलं की क्षेत्र बदलतं ते ओळखून फुटणारे, आणि त्या दिवशी क्षेत्र जहाजामुळे बदललं नव्हतं. अपोलो १६ एप्रिलमध्ये परतलं होतं आणि अपोलो १७ डिसेंबरमध्ये गेलं, त्यामुळे चंद्रावर तेव्हा कोणी माणूस नव्हता. विचार केला की अंगावर काटा येतो.

आणि १८५९ च्या त्या वादळाची सगळ्यात चांगली चुंबकीय नोंद कुलाब्याच्या वेधशाळेची आहे, सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट. तेव्हा दर काही मिनिटांनी हाताने वाचन घेऊन वहीत लिहायचे. त्या वह्या राहिल्या म्हणून आज आपल्याला आकडा सांगता येतो.

सातवीण

कुलाब्याची नोंद माहीतच नव्हती!! धन्यवाद.

ध्रुवा

मी सध्या कामासाठी ध्रुववृत्ताच्या वर राहते, त्यामुळे इथे मला बोलायलाच पाहिजे. शॉक आला म्हणजे अरोरा (ध्रुवीय प्रकाश) दिसणारच असं नसतं. इथे सगळ्यांच्या फोनवर इशारे असतात. शॉक एल१ ओलांडतो, इशारा वाजतो, ५०० च्या वेगाला पन्नासेक मिनिटं हातात असतात, आम्ही ट्रायपॉड घेऊन गाड्या काढतो. एकदा शॉक इतका दणदणीत होता की वेग सहाशेच्या वर गेला, आकाश स्वच्छ, आणि पूर्ण रात्र उत्तरेला फिकट हिरवट पट्टा सोडून काही नाही. कारण मागून आलेल्या ढगातलं चुंबकीय क्षेत्र रात्रभर उत्तरेकडे वळलेलं होतं. ते दक्षिणेकडे वळलेलं असेल तरच पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि ऊर्जा आत शिरते. आलेखात याला बीझेड म्हणतात, आमचं सगळं त्या एका रेषेवर. ती शून्याच्या खाली गेली की लोक अक्षरशः ओरडतात.

त्यामुळे माझ्या मते शॉकचं कौतुक जरा जास्तच होतं. खरं काम मागचा ढग करतो.

मंदाकिनी_र

ध्रुवा, अरोरासाठी बीझेड हे शंभर टक्के बरोबर. पण शॉक नुसता पुढे धावणारा निरोप्या नाही हो. तीन गोष्टी सांगते.

शॉक आणि ढग यांच्या मध्ये दाबला गेलेला, घुसळलेला वारा असतो, तो कित्येक तास जात राहतो. त्यातलं क्षेत्र कधी दक्षिणेकडे असेल तर शॉकने ते दाबून दुप्पट-तिप्पट केलेलं असतं, आणि बरीच वादळं या पट्ट्यामुळेच सुरू होतात, ढग पोचायच्या आधी.

दुसरं, धक्क्याने पृथ्वीचं चुंबकीय कवच आत दाबलं जातं. एरवी त्याची सूर्याकडची कड पृथ्वीच्या दहा त्रिज्यांवर असते, जोरदार शॉकमध्ये ती साडेसहाच्या आत येते आणि भूस्थिर उपग्रह काही काळ उघड्यावर, थेट सौरवाऱ्यात. २४ मार्च १९९१ च्या शॉकने तर काही मिनिटांत किरणोत्सर्गाचा एक नवा पट्टाच पृथ्वीभोवती तयार केला, सीआरआरईएस उपग्रह तेव्हा नेमका तिथून जात होता म्हणून कळलं.

आणि तिसरं कण. शॉकच्या दोन्ही बाजूंना खळबळलेलं चुंबकीय क्षेत्र असतं, त्यात अडकून काही प्रोटॉन शॉक पुन्हा पुन्हा ओलांडतात आणि दर फेरीला ऊर्जा कमावतात. हे गणित १९७७-७८ मध्ये चार वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे मांडलं गेलं, आणि ताऱ्यांच्या स्फोटातून येणारे विश्वकिरण समजून घ्यायलाही तेच वापरतात. तिथे आपल्याला जाता येत नाही. सौरवाऱ्यातला शॉक मात्र यानावरून जातो, हात लावून तपासता येतो. मला या विषयाचं सगळ्यात मोल वाटतं ते इथे.

ध्रुवा

उपग्रह उघड्यावर पडतात हे माहीत नव्हतं. तरी रात्री थंडीत उभं राहिल्यावर मी बीझेडच बघणार.

तिठ्यावरचा

सूर्य शांत असताना, डाग नाहीत, ढग नाहीत, तेव्हा शॉक नसतातच का?

खटपट्या

असतात, आणि हा माझा आवडता भाग. सूर्यावर काही ठिकाणांहून ७००-८०० किमीचा वेगवान वारा सुटतो, बाकीच्यातून ३००-४०० चा संथ. सूर्य फिरतोय, पृथ्वीवरून बघताना एक फेरी साधारण २७ दिवसांची, त्यामुळे थोड्या वेळापूर्वी संथ वारा जिकडे गेला त्याच दिशेला आता वेगवान वारा निघतो आणि मागून त्याला गाठतो. मधला भाग दाबला जातो. पृथ्वीपर्यंत बहुतेक वेळा शॉक होत नाही, पण सूर्य-पृथ्वी अंतराच्या दुप्पट किंवा पुढे गेलं की त्या दाबलेल्या भागाच्या दोन्ही कडांना शॉक तयार होतात, एक पुढे जाणारा, एक उलट सूर्याकडे तोंड केलेला. पायोनियर १० आणि ११ या यानांनी १९७० च्या दशकात अशा जोड्या भरपूर पाहिल्या.

तो उलटा शॉक जातो सूर्याकडे, पण वारा त्याला बाहेर वाहून नेतो, त्यामुळे यानावरून जाताना आलेख वेगळा दिसतो. वेग वाढतो, आणि घनता, तापमान, क्षेत्र तिन्ही एकदम पडतात. नीलकाजवा, तुम्ही रोज बघताच आहात तर हे शोधा, क्वचित पृथ्वीपाशीही मिळतात.

नीलकाजवा

बघतो नक्की. पण माझ्या मूळ प्रश्नातलं एक राहिलंय असं वाटतं. क्षेत्राने धक्का पोचवला हे कळलं. पण शॉकमध्ये वेगाची ऊर्जा उष्णतेत बदलते, हवेत ते टकरींनी होतं. दोरीचा हिसका बसून माणसं सगळी एकसारखीच पुढे सरकतील, त्यांची गडबड कशाने उडते? टक्कर नाही तर तापमान कोण वाढवतं?

मंदाकिनी_र

हाच गाभा आहे. शॉकच्या कडेला क्षेत्र एकदम वाढतं आणि तिथे एक विद्युत दाबही तयार होतो, तो येणाऱ्या प्रोटॉनना अडवतो. शॉक पुरेसा जोरदार असेल तर त्यातले काही पार होतात आणि काही चक्क परावर्तित होऊन मागे फिरतात, गिरकी घेऊन परत येतात, जास्त ऊर्जेने. आता एकाच ठिकाणी दोन वेगवेगळ्या वेगांचे गट झाले. ही स्थिती टिकत नाही, त्यातून प्लाझ्मात लाटा उठतात, त्या लाटा कणांना इकडेतिकडे विखुरतात आणि वेगाची शिस्त मोडते. तुमची गडबड ती हीच.

नुसता सिद्धांत नाही हा. एमएमएस ही चार यानं अगदी जवळजवळ उडतात, ८ जानेवारी २०१८ ला त्यांच्यावरून सौरवाऱ्यातला एक शॉक गेला तेव्हा ती एकमेकांपासून २० किमीच्या आसपास होती आणि आयन (विद्युतभारित अणू, जसे प्रोटॉन) मापायला त्यांना १५० मिलिसेकंद लागतात. एसचे ६४ सेकंद कुठे आणि हे कुठे. त्या मापांत आधी सौरवाऱ्याचा एकच गट, आणि मग शॉकपाशी परावर्तित आयनांचा दुसरा गट वेगळा उठून दिसला.

फक्त उष्णता सगळ्यांत सारखी वाटली जात नाही, टकरी नसल्याने वाटणार कोण. प्रोटॉनना मोठा वाटा, इलेक्ट्रॉनना कमी. व्हॉयेजर २ ने ऑगस्ट २००७ मध्ये सूर्य-पृथ्वी अंतराच्या ८४ पट दूर सौरवारा जिथे अडतो तो मोठा शॉक ओलांडला, तिथे तर अपेक्षा दहा लाख अंशांची होती आणि प्लाझ्मा दोन लाखांच्या आसपासच निघाला. उरलेली ऊर्जा गेली बाहेरून आत आलेल्या अणूंपासून बनलेल्या आयनांकडे, ते मुळातच जास्त वेगात असतात आणि व्हॉयेजरच्या उपकरणाला ते दिसत नव्हते.

वळवाचा_पाऊस

व्हॉयेजर १ ने पण तोच शॉक ओलांडला ना, डिसेंबर २००४? तेव्हा हे का नाही कळलं?

रेडिओवाला

व्हॉयेजर १ चं प्लाझ्मा उपकरण १९८० मध्येच बंद पडलंय. पण त्याचा रेडिओ-लाटांचा अँटेना चालू होता, आणि त्यावर जे झालं ते मला माझ्या गच्चीवरच्या पट्ट्यांमुळे फार जवळचं वाटतं. मार्च २०१२ मध्ये सूर्यावर मोठे उद्रेक झाले. त्यांचा शॉक सौरवाऱ्याची हद्द पार करून बाहेर, ताऱ्यांच्या मधल्या अवकाशातल्या प्लाझ्मात शिरला आणि एप्रिल २०१३ मध्ये व्हॉयेजर १ पाशी पोचला, तेरा महिन्यांनी. त्याच्या पुढे पळणाऱ्या इलेक्ट्रॉनांनी तिथला प्लाझ्मा थरथरवला, टाईप २ मध्ये होतं तसंच, वारंवारिता २.६ किलोहर्ट्झ. वर्गमुळाच्या त्याच सूत्रात टाका, घनता येते घनसेंटीमीटरला ०.०८. सौरवाऱ्याच्या हद्दीच्या आतल्यापेक्षा सुमारे ४० पट दाट. त्यावरून ठरलं की यान ऑगस्ट २०१२ मध्येच बाहेर पडलेलं होतं.

तिठ्यावरचा

म्हणजे यान बाहेर पडलंय ही बातमी सूर्यावरून निघालेल्या शॉकने दिली. कमाल आहे. रेडिओवाले दादा, तो कॅलिस्टो कसा जोडायचा यावर वेगळा धागा काढा ना, मलाही गच्ची आहे.

रेडिओवाला

काढतो. अँटेनाच्या मापांपासून सुरुवात करतो, तिथेच बहुतेकांचं अडतं.